देव दिसत का नाही? सातवी-आठवीच्या मुलांना काय सांगायचं?

शब्बाथशाळा_मिरज
सलाम सर्वांना. शब्बाथ शाळेत सातवी-आठवीचा गट आहे. मुलं चौदा, वेळ चाळीस मिनिटं. पुढच्या रविवारचा धडा "अदृश्य देव", बायबलमधलं कलस्सै १:१५. मुलांकडून प्रश्न लिहून घेतलेत, त्यातले तीन अवघड आहेत.

१) देव आहे तर दिसत का नाही?
२) निर्गम ३३:११ मध्ये देव इस्राएलांचा पुढारी मोशे याच्याशी समोरासमोर बोलला, आणि नऊच वचनं पुढे ३३:२० मध्ये "मला पाहून कोणी जिवंत राहणार नाही". मग खरं कुठलं?
३) मैत्रीण म्हणते, पंढरपूरला गेलं की आमचा विठोबा डोळे भरून बघता येतो. तुमच्या चर्चची भिंत तर मोकळीच.

पहिल्याला वाऱ्याचं उदाहरण द्यायचा विचार आहे. चालेल का?

वाईकर
ताई, वारा नको. वारा म्हणजे हवा. हवेला वजन असतं, तिचा वेग यंत्रानं मोजता येतो. आठवीचं पोरगं लगेच विचारणार, देव मोजायचं यंत्र कुठलं? मोबाईलच्या रेंजचं आणि विजेचंही तेच. या उदाहरणांनी देव जगातल्या वस्तूंच्या यादीत जाऊन बसतो, फक्त जरा बारीक वस्तू म्हणून.

दिसायचं तर शरीर हवं आणि त्यावर पडलेला उजेड आपल्या डोळ्यात यायला हवा. योहान ४:२४ म्हणतं, देव आत्मा आहे. म्हणजे तो कुठे लपून बसलाय म्हणून दिसत नाही असं नाही, दिसण्याजोगं शरीरच त्याला नाही. हे सांगताना "आत्मा" शब्द जपून वापरा. आपल्याकडे आत्मा म्हटलं की मुलांना वडाखालचं भूत आठवतं आणि पुढची दहा मिनिटं त्यातच जातात.

वस्तूच हवी असेल तर वाईजवळचा मेणवलीचा वाडा घ्या, सहल गेलेली असते बहुतेकांची. खांब मोजा, तुळया मोजा, सगळ्या खोल्या उघडा. ज्या सुतारानं तो उभा केला तो कुठल्याच खोलीत सापडणार नाही, पण प्रत्येक सांध्यात त्याचा हात कळतो. रोम १:२० याच अंगानं जातं: केलेल्या गोष्टींवरून करणारा कळतो. हे उदाहरणही एका पायानं लंगडं आहे. सुतार काम करून निघून गेला, देव गेलेला नाही. मुलांनी ते पकडायच्या आत आपणच सांगून टाकावं.

मूळभाषा_सांगली
दुसरा प्रश्न ज्यानं लिहिलाय त्यानं वचन नीट वाचलंय, त्याला आधी शाबासकी द्या.

"समोरासमोर" हा इब्रीत वाक्प्रचार आहे, पानीम एल पानीम. अर्थ, मध्ये कोणी नाही, थेट बोलणं. याचा पुरावा बाहेर शोधायला नको. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात ५:४ म्हणतं, डोंगरावर अग्नीतून परमेश्वर सगळ्या लोकांशी समोरासमोर बोलला. त्याच प्रसंगाबद्दल त्याच पुस्तकात ४:१२ म्हणतं, तुम्ही शब्द ऐकलेत, पण आकृती पाहिली नाहीत. शब्दशः चेहरा म्हटलं तर ही दोन वचनं एका पुस्तकात नांदत नाहीत. आणि ३३:११ मध्येच पुढे खुलासा आहे: मित्राशी बोलावं तसं. म्हणजे ते वचन बोलण्याचं आहे, दिसण्याचं नाही.

३३:१८ मध्ये मोशेची मागणी वेगळी आहे. "तुझं तेज दाखव." तिथला शब्द काबोद, मुळात वजन, भार. मग पुढचा क्रम फळ्यावर लिहा: खडकाची भेग, मोशे आत, वरून देवाचा हात, तेज पुढे जातं, हात निघतो, मग पाठ दिसते. म्हणजे ज्याच्यापासून वाचवायचं तोच झाकतोय. "देव लपतो" एवढंच शिकवलं तर हे निसटतं.

बहुतेक धडे पाठीपाशी थांबतात, ते चुकतं. अध्याय ३४, वचन ६ आणि ७ वाचल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. तेज जाताना मोशेनं काय पाहिलं याचं तिथे एका ओळीचंही वर्णन नाही. आहे ते नाव: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. त्यानं बघायला मागितलं आणि त्याला ऐकायला मिळालं. माझ्या मते चाळीसपैकी पंधरा मिनिटं इथेच घालवावीत.

यशया ६ कोणी काढलंच तर तिथेही चेहरा नाही. झग्याच्या घोळानं मंदिर भरलंय, आणि सराफीम, म्हणजे देवापुढे उभे असलेले स्वर्गीय सेवकसुद्धा सहापैकी दोन पंखांनी तोंड झाकून उभे आहेत.

कुपवाड_शेड
मुलांच्या हातात काहीतरी द्या की ओ ताई, नुसतं वचनावर वचन किती ऐकतील.

वेल्डिंगची काळी काच आणा, ११ नंबरची. नंबर जितका मोठा तितकी काच गडद. कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडवर जुनी मिळेल. वर्गात डोळ्यापुढे धरली की काही दिसत नाही, फळा नाही, खिडकीसुद्धा नाही. मुलं म्हणणार, ही कसली काच. मग मोबाईलची बॅटरी लावून काचेजवळ धरा. हिरवट ठिपका दिसेल. आता सांगा, वेल्डर या काचेतून तासन् तास काम करतो, कारण समोरचा उजेडच तसा आहे. तो उघड्या डोळ्यानं बघितला तर तेव्हा काही वाटत नाही. रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतं, पाणी गळतं, झोप लागत नाही. १ तीमथ्य ६:१६ मधला "अगम्य प्रकाश" त्यांना असा कळेल: अंधार आहे म्हणून दिसत नाही असं नाही, उजेड पेलत नाही म्हणून.

दोन गोष्टी सांभाळा. चालू वेल्डिंग दाखवायला शेडवर नेऊ नका. आणि ११ नंबरच्या काचेतून सूर्य बघू देऊ नका. सूर्याला निदान १२, चांगलं म्हणजे १४ नंबर लागतो. वर्ग सुटला की काच मोजून परत घ्या, पोरं हमखास बाहेर नेतात.

मूळभाषा_सांगली
काच उत्तम. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र, १०:२० तिला जोडता येईल. मंदिराचा पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देह, असं तिथे म्हटलंय. पडदा झाकतो आणि त्यातूनच आत जाता येतं. फक्त एक पथ्य: काचेनं उजेड कमी होतो, तसा ख्रिस्तात देव कमी झाला, असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. कलस्सै २:९ लगेच वाचून घ्या, सगळी पूर्णता देहात राहते म्हणून.

फक्त_प्रश्न
मी श्रद्धावान नाही, तरी विचारतो. उजेड पेलत नाही हे मान्य केलं. पण सर्वसमर्थ देवाला पेलेल इतका उजेड करून एकदा सगळ्यांना दिसता येणार नाही का? शंका मिटेल, भांडणं मिटतील.

वाईकर
असा एक प्रसंग शास्त्रातच आहे, आणि शंका मिटलेली नाही. निर्गम २४:९-११. मोशे, त्याचा भाऊ अहरोन, नादाब, अबीहू आणि सत्तर वडील डोंगरावर जातात आणि इस्राएलाच्या देवाला पाहतात. त्याच्या पायाखाली नीलमण्यासारखी फरशी, आणि यांचं तिथे खाणंपिणंही होतं. त्यानंतर मोशे चाळीस दिवस डोंगरावर. अध्याय ३२ उघडा. लोकांना पूजेसाठी सोन्याचं वासरू ओतून देणारा कोण? वर जाऊन पाहून आलेला अहरोनच. नव्या करारात तेच. मत्तय २८:१७, उठलेला येशू समोर उभा आहे, लोक नमन करताहेत, आणि तिथेच काहींना संशय.

फक्त_प्रश्न
यातून बघणं पुरत नाही एवढं कळतं. बघण्यानं नुकसान होतं असं कुठे सिद्ध होतं? आणि संशय घेणाऱ्या थोमा शिष्याला दाखवलंच की. मनापासून शोधूनही ज्याला काहीच जाणवत नाही त्याचं काय?

वाईकर
बरोबर पकडलंत. योहान २० मध्ये थोमाला आठ दिवसांनी जखमा दाखवल्या, त्याला हाकलून दिलं नाही. तेव्हा "पुरावा मागणं पाप आहे" असं मुलांना सांगू नये. बरेच शिक्षक सांगतात आणि मुलं प्रश्न विचारायचीच थांबतात. बायबलचा रोख नुसत्या ओळखीवर नाही, नात्यावर आहे. याकोब २:१९ म्हणतं, देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. खात्री आहे, प्रेम नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे असं कुलूपबंद उत्तर नाही, आणि बायबलही घाईनं देत नाही.

पाळकीण_सातारा
तो शेवटचा प्रश्न मुळात वेगळ्या जातीचा आहे. "देव दिसत का नाही" असं विचारणारं मूल कधी कधी डोळ्यांबद्दल विचारतच नसतं. घरात कोणी आजारी असतं, प्रार्थना करून झालेली असते. त्याला काळी काच दाखवणं क्रूर आहे. त्याच्यासाठी स्तोत्र १३ ठेवा, सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनात "कुठवर?" चार वेळा येतं. देव तोंड लपवतो ही तक्रार स्तोत्रकर्ता देवापाशीच करतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ नाही. तेही शास्त्रात ठेवलंय. ताई, चिठ्ठ्यांचं अक्षर बघा. असं मूल वाटलं तर वर्गात उत्तर देऊ नका, नंतर बाजूला बसा.

आता विठोबाचा प्रश्न. "ती नुसती मूर्ती" असं उत्तर दिलं की मैत्री तुटते आणि मुद्दाही कळत नाही. सगुण-निर्गुण शेजारच्यांनाही ठाऊक आहे. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो असं ते म्हणत. तो पूल आपण कशाला मोडायचा?

भिंत मोकळी का, याचं कारण अनुवाद ४:१५-१६ मध्ये आहे: आकृती पाहिली नाहीत, म्हणून घडवू नका. आणि उत्पत्ति १:२७ मध्ये माणूस देवाच्या प्रतिरूपात केला म्हटलंय, तिथला इब्री शब्द त्सेलेम. गणना ३३:५२ मध्ये ओतीव मूर्तींना तोच शब्द आहे. म्हणजे प्रतिमेची जागा रिकामी नाही, बाकावर शेजारी बसलेलं पोरगं ती जागा आहे. १ योहान ४:१२ याच धाग्याचं: देवाला कोणी कधी पाहिलं नाही, आपण एकमेकांवर प्रीती केली तर तो आपल्यात राहतो.

पण थांबायचं ख्रिस्तापाशी. योहान १४:९, फिलिप्पानं पिता दाखव म्हटल्यावर येशूचं उत्तर: ज्यानं मला पाहिलं त्यानं पित्याला पाहिलं. "म्हणजे अवतारच ना?" असं मुलं विचारतील. आपण देहधारण म्हणतो: एकदाच, रोमी सुभेदार पिलाताच्या काळात मेलेला खरा माणूस, आणि उठल्यावरही तो देह टाकून दिलेला नाही, लूक २४:४२-४३ मध्ये भाजलेला मासा खातो.

शब्बाथशाळा_मिरज
सगळ्यांचे आभार. वारा काढला. आता असं जमवते: काच सात मिनिटं, निर्गम ३३ आणि ३४ पंधरा, अहरोनाचं वासरू पाच, भिंतीचा प्रश्न आठ, उरलेली पाच चिठ्ठ्यांना. योहान १:१८ पाठांतराला देऊ की कलस्सै १:१५?

मूळभाषा_सांगली
योहान १:१८. देवाला कोणी कधी पाहिलं नाही, पुत्रानं त्याला प्रकट केलं, असं ते वचन. "प्रकट केले" जिथे आहे तिथला ग्रीक शब्द उलगडून सांगणे असा आहे, मुलांना लगेच पटतो. आणि ताई, निर्गम वाचायला दोघांना द्या, एक मोशे, एक देवाचं बोलणं. देवाचं बोलणं वाचणारा दाराबाहेर उभा करा.