रॉकेलने देवमासे वाचवले, हे मला अजिबात पटत नाही

दर्यावर्दी:
१८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली, दिव्यांना रॉकेल मिळालं आणि देवमासे वाचले, असं बाजाराची थोरवी सांगताना हमखास ऐकवलं जातं. साफ चूक. विसाव्या शतकात, म्हणजे रॉकेल आल्यावर, सुमारे २९ लाख देवमासे मारले गेले.

निळा आणि फिन या देवमाशांच्या जाती जोरात पोहणाऱ्या. वल्ह्यांच्या होडीला ते गाठताच येत नसत, आणि मेले की बुडत. वाफेच्या बोटी आल्या, नॉर्वेच्या स्वेंड फॉयनचा तोफेतून सुटून अंगात फुटणारा हार्पून, म्हणजे शिकारीचा भाला, आला, मग धुडात हवा भरून ते तरंगत ठेवू लागले. १९२५ पासून कारखाना-जहाजं आली. त्यांच्या मागच्या उतारावरून अख्खं धूड वर ओढायचं, तिथेच सोलायचं, चरबी उकळायची. किनाऱ्याची गरजच संपली. १९३०-३१ च्या एका हंगामात अंटार्क्टिकात २९ हजारांच्या आसपास निळे देवमासे मारले. एका हंगामात!

तर्कटी:
तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करताय. दिव्यांसाठी मारला जायचा तो मुख्यतः स्पर्म जातीचा देवमासा. रॉकेल आलं आणि अमेरिकेचा शिकारी ताफा आटत गेला. स्पर्मला उसंत मिळाली, हे तरी मान्य करा.

दर्यावर्दी:
उसंत मिळाली, मान्य. पण पुढे? अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मिळून अंदाजे ३ लाख स्पर्म मारले गेले, एकट्या विसाव्यात साडेसात लाखांहून जास्त. देवमाशाचं तेल घट्ट करण्याची प्रक्रिया सापडली आणि ते मार्गारीनमध्ये, म्हणजे लोण्याच्या स्वस्त पर्यायात, गेलं. त्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटकं झाली. एक गिऱ्हाईक गेलं, दोन आली.

निळाई:
नियमांनीही घातच केला. १९४६ च्या करारातून देवमाशांच्या शिकारीवर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय आयोग आला, पण कोटा ठरायचा 'निळा देवमासा एकक' धरून: १ निळा म्हणजे २ फिन, अडीच हंपबॅक किंवा ६ सेई (याही देवमाशांच्याच जाती). जातवार मर्यादा नाही. त्यामुळे निळे विरळ झाले तरी फिनच्या मागे निघालेल्या बोटीला वाटेत निळा दिसला, की तोही टिपला जायचा. त्यात सोव्हिएत जहाजांनी दक्षिण गोलार्धात मारलेल्या ४८ हजारांवर हंपबॅकपैकी जेमतेम २,७०० कळवले.

तर्कटी:
ही तर सरकारी उद्दिष्टं गाठण्याची धडपड! याचं खापर बाजारावर कसं फोडता?

दर्यावर्दी:
सोव्हिएत शिकारीचं नाहीच फोडत. पण ब्रिटिश आणि नॉर्वेजियन कंपन्या नफ्यासाठीच उतरल्या होत्या. निळी मादी दोन-तीन वर्षांतून एक पिल्लू देते. कळप राखून थोडे थोडे मारण्यापेक्षा सगळे आज मारून पैसा दुसरीकडे गुंतवणं जास्त फायद्याचं ठरतं. गणितज्ञ कॉलिन क्लार्कने १९७३ मध्ये हेच मांडलं. अशा प्राण्याला बाजार वाचवू शकत नाही.

मधलीवाट:
इतिहास कबूल. पण धंद्यासाठीच्या शिकारीवर आयोगाने घातलेली १९८६ ची बंदी सरसकट का? मिंक हे छोटे देवमासे भरपूर आहेत. नॉर्वे १९९३ पासून मारतोय, जपानने २०१९ मध्ये आयोग सोडून स्वतःच्या समुद्रात शिकार सुरू केली. संख्या टिकत असेल, तर मिंक मारणं आणि गाय मारणं यात फरक काय? विरोध निव्वळ भावनेचा वाटतो.

निळाई:
गायी किती आहेत ते गोठ्यात जाऊन मोजता येतं. अंटार्क्टिकातले निळे दोन लाखांवरून काही शेकड्यांवर येईपर्यंत कागदावर 'कोटा पाळला' असंच होतं. हंपबॅक बऱ्याच ठिकाणी सावरलेत, पण शिकार थांबल्यावरच. सोव्हिएत लपवाछपवीलाही खरा आळा बसला तो १९७२ मध्ये जहाजांवर परदेशी निरीक्षक आल्यावर. आज जपान आयोगाचा सदस्य नाही. मग त्यांच्या बोटींवर बाहेरचा निरीक्षक बसवायला तुमचा पाठिंबा आहे का?