मदत हवी आहे: मुलीचे न जेवणे आणि रात्रभर जागणे, उपचाराची सुरुवात कोठून करावी?

माझी मुलगी 15 वर्षांची असून यंदा दहावीला आहे. गेल्या दिवाळीनंतर तिचे जेवण कमी होत गेले आणि त्याच सुमारास तिची झोपही उडाली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती जागी असते, आणि डोळा लागलाच तरी पहाटे पाचला उठून गच्चीवर फेऱ्या मारू लागते. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, त्या व्यवस्थित आल्या. तेव्हा दहावीचा ताण आहे असे सांगून त्यांनी भुकेसाठी टॉनिक आणि झोपेसाठी सौम्य गोळी लिहून दिली. दोन्हींचा उपयोग झालेला नाही. या दोन निरनिराळ्या तक्रारी नसून एकाच आजाराच्या, म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाच्या (वजन वाढण्याच्या भीतीने जेवण टाळत जाण्याचा मानसिक आजार), दोन बाजू असाव्यात, असे मला वाटते.

आपल्याकडे न जेवण्याला उपवासाचे निमित्त सहज मिळते, त्यामुळे सुरुवातीला कोणालाच शंका आली नाही. तिने आपणहून संकष्टी धरली, पुढे मार्गशीर्षातले गुरुवार आणि मग मंगळवार. सासूबाईंना तर नातीचे कौतुकच वाटले. उपवास सोडतानाही ताट तसेच राहू लागले, तेव्हा मी नीट पाहू लागले. पोळीचे ती नखाएवढे तुकडे करते, ते भाजीच्या रसात भिजवून ताटाच्या कडेला पसरते आणि सर्वांची जेवणे होईपर्यंत बोलत राहते, म्हणजे ताट उचलताना कोणाचे लक्ष जात नाही. हात थंडगार असतात, ऐन मे महिन्यातही ती स्वेटर घालून बसत होती, पाळी थांबली आहे. आणि तरीही स्वयंपाकाची ओढ वाढली आहे: धाकट्या भावासाठी हौसेने केक करते, स्वतः चाखूनही पाहत नाही, आणि रात्री जागेपणी पाककृतींचे व्हिडिओ पाहत राहते.

या शेवटच्या गोष्टीचा उलगडा मला एका जुन्या प्रयोगाविषयी वाचताना झाला. 1944-45 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. बारीक होण्याची इच्छा मुळीच नसलेले हे पुरुषही दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले, त्यांना सतत थंडी वाजू लागली, ते खिन्न आणि चिडचिडे झाले, आणि त्यांच्यापैकी काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. म्हणजे माझ्या मुलीच्या वागण्यातला बराच भाग हट्ट नसून उपासमारीचा परिणाम आहे. अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसामध्ये तुटक झोप आणि पहाटे लवकर जाग येणे वारंवार आढळते. झोप अपुरी पडली की चिंता वाढते आणि दुसऱ्या दिवशी ताटासमोर बसणे आणखी अवघड होते. किशोरवयात मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक उशिरा स्रवत असल्याने या वयाची मुले उशिरा झोपतात, हे मान्य आहे. परंतु 13 ते 18 या वयाला रात्री 8 ते 10 तासांची झोप लागते आणि एरवी ही मुले सुट्टीच्या दिवशी ती भरून काढतात. माझी मुलगी रविवारीही पाचलाच उठते.

रक्ताचे अहवाल चांगले आले तरी हा आजार नाही असे म्हणता येत नाही, हे आता मला कळले आहे. नाडी फार मंद झाली, विशेषतः दिवसा मिनिटाला 50 च्या खाली गेली, किंवा चक्कर येऊ लागली तर रुग्णालयात दाखल करण्याचा विचार करावा लागतो, म्हणून याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे ईसीजी आणि रक्तदाबाची तपासणी ठरवली आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खायला घातल्यास रक्तातील फॉस्फेट धोकादायकरीत्या उतरू शकते, त्यामुळे आहार वाढवणेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करणार आहोत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता आले; त्यांनीही मानसोपचारतज्ज्ञांना भेटण्याचा सल्ला दिला.

ज्यांच्या घरातून हा आजार गेला आहे, त्यांना मला मुख्यतः झोपेविषयी विचारायचे आहे. वजन भरू लागल्यावर झोप आपोआप सुधारली, की तिच्यासाठी वेगळे उपचार घ्यावे लागले? लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात 1980 च्या दशकात विकसित झालेल्या कुटुंबाधारित उपचारपद्धतीत सुरुवातीचा काही काळ जेवणाची सर्व जबाबदारी आईवडील घेतात. ती पद्धत शिकवणारे आणि आहारतज्ज्ञांबरोबर मिळून काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ पुणे, मुंबई किंवा नाशिकमध्ये कोणाला माहीत आहेत का? आजी-आजोबा बरोबर राहत असताना ताटावरचे आग्रह, रागावणे आणि 'किती छान बारीक झालीस' असे पाहुण्यांचे बोलणे आपण कसे थांबवलेत? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे; अशा दाव्याचा अनुभव असल्यास कोणती कागदपत्रे लागली, तेही कळवावे.

तज्ज्ञांची नावे मला खाजगी संदेशातून कळवलीत तरी चालेल. एक विनंती आहे: प्रतिसादांत वजनाचे, कॅलरींचे किंवा कोणी किती कमी खात होते याचे आकडे लिहू नयेत, कारण रात्री जागणारी मुले असे धागे वाचतात आणि त्या आकड्यांशी स्वतःची तुलना करतात.