मदत हवी आहे: आखडलेल्या पहिल्या सत्रात चाचण्या कशा बसवता?

नमस्कार मंडळी. मी अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाला गणित शिकवते. प्रवेशफेऱ्या लांबल्या की आमचं पहिलं सत्र आखडतं. शेवटची मुलं वर्गात येईपर्यंत गणपती येऊन ठेपतात, मग नवरात्र, दिवाळी आणि लगेच सत्रांत परीक्षा.

थिअरीच्या १ क्रेडिटला (क्रेडिट म्हणजे विषयाचा अभ्यासभार मोजायचं एकक) १५ तास. म्हणजे ४ क्रेडिटच्या विषयाला ६० तास; १५ आठवड्यांत आठवड्याला ४ तासिका. तेच १० आठवड्यांत कोंबायचं तर ६! आणि हे सगळ्याच विषयांत एकदम होतं. प्रात्यक्षिकं, जर्नल, असाइनमेंट, अंतर्गत चाचण्या सगळं एकाच पंधरवड्यात येऊन आदळतं. तासिका वाढवता येतात हो, पण आदल्या दिवशीचं घरी सोडवून बघायला लागणारा वेळ कुठून आणायचा? बारावीत चांगले गुण मिळवलेली मुलंही मग नुसती उत्तरं पाठ करतात. फार वाईट वाटतं.

स्वायत्त, म्हणजे आपल्या परीक्षा स्वतः ठरवणाऱ्या, महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी कृपया सांगावं: एका मोठ्या चाचणीऐवजी दर आठवड्याला छोटी चाचणी घेऊन काही फरक पडला का? सगळ्या विषयांच्या तारखांचं एकच वेळापत्रक तुमच्याकडे कोण ठरवतं? उशिरा आलेल्या मुलांचं मागचं कसं भरून काढता? विद्यार्थ्यांनीही जरूर लिहा.