मदत हवी आहे: इंजिनिअरिंगला ‘मुलींना फी माफ’ म्हणजे नेमकी कोणती फी माफ?

जिरेसाळ

नमस्कार मंडळी. आम्ही वाशीम जिल्ह्यातले. मुलगी यंदा बारावी झाली, सीईटीला ९१ पर्सेंटाइल आहेत. कॅपचं (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) रजिस्ट्रेशन आणि कागदपत्रांची तपासणी झाली, आता कॉलेजांचे ऑप्शन भरायचे आहेत आणि माझं डोकं चालेनासं झालंय.

ओबीसी आहोत. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन क्रीमीलेअर सगळं हातात आहे. हे पतसंस्थेत क्लार्क, मी घरी शिलाई करते, दोन एकर कोरडवाहू आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला ३,६०,००० चा निघालाय.

आता ऐका कोण काय सांगतं ते. शेजारचे गुरुजी म्हणतात, "मुलींना सगळं शिक्षण फुकट आहे, एक रुपया लागत नाही, बिनधास्त पुण्याला टाका." भावजय म्हणते की तिच्या भाचीकडून पुण्यात पहिल्याच दिवशी ऐंशी हजार भरून घेतले. आणि परवा एका खाजगी विद्यापीठातून फोन आला, ती बाई इतकं गोड बोलली की काय सांगू. "तुमच्या मुलीला आम्ही पन्नास टक्के स्कॉलरशिप देतो, फक्त आठवड्याच्या आत सीट बुक करा, पंचवीस हजार भरा."

माझे प्रश्न साधे आहेत:
१. माफ होतं ते काय आणि आपल्या खिशातून जातं ते काय?
२. पैसे आधी भरायचे आणि मग परत मिळतात की भरायचेच नसतात?
३. हॉस्टेल-मेसला काही मिळतं का?
४. त्या खाजगी विद्यापीठाचं काय करू?

मुलगी कॉम्प्युटर म्हणतेय. अमरावतीच्या शासकीयला या पर्सेंटाइलवर कॉम्प्युटर येणार नाही म्हणतात, दुसरी एखादी ब्रँच येईल कदाचित.

---

वांग्याचं_भरीत

फुकट काही नसतं ताई. निवडणुकीच्या आधी घोषणा आणि नंतर पोर्टल बंद. 😀

---

टेबल_क्रमांक_चार

भरीत साहेब, टोमणा बाजूला ठेवा, बाई विचारतायत ते महत्त्वाचं आहे.

ताई, मी एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसतो. दर जुलैत हेच प्रश्न, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्रश्न क्रमांक चार, कारण घाई त्याचीच आहे. ते पंचवीस हजार भरू नका. ८ जुलै २०२४ चा जो शासन निर्णय आहे, त्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के दिलं आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. पण दोन कुंपणं आहेत. एक, प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. दुसरं, अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं या योजनेत नाहीतच. म्हणजे तिथे सीट बुक केली की सरकारचा दरवाजा बंद. ती बाई ज्याला स्कॉलरशिप म्हणते ती त्यांनीच ठरवलेल्या फीमधली त्यांनीच दिलेली सूट आहे. पुढच्या वर्षी ती चालू राहायला किती सीजीपीए लागतो ते फोनवर सांगत नाहीत, प्रॉस्पेक्टसच्या मागच्या पानावर असतं.

आता पहिला प्रश्न. विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार मंजूर फी दिसते, ऑप्शन भरण्याआधी बघाच. त्या आकड्यात दोन भाग असतात, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. माफी पहिल्या भागाची. विकास शुल्क तुम्हाला भरावं लागतं. समजा शिक्षण शुल्क १,२०,००० आणि विकास शुल्क १२,००० आहे, तर १,२०,००० शासनाचे, १२,००० तुमचे. त्यावर विद्यापीठाची नोंदणी, विमा, लायब्ररी डिपॉझिट, कुठे कुठे ‘ट्रेनिंग’च्या नावाखाली काहीबाही. परीक्षा शुल्क शासनाकडे. हॉस्टेल, मेस, बस, पुस्तकं, लॅपटॉप तुमचं.

गुरुजींचं ‘सगळं फुकट’ एवढ्यापुरतंच खरं आहे.

---

जिरेसाळ

दादा, खूप उपकार. विकास शुल्काचं कोणीच सांगितलं नव्हतं. मग भाचीकडून ऐंशी हजार का घेतले असतील? तिचं तर कॅपमधूनच झालंय.

---

टेबल_क्रमांक_चार

पावती बघायला सांगा. ती पावतीच सगळं बोलते. बऱ्याचदा त्यात हॉस्टेलचा पहिला हप्ता असतो आणि घरी ‘फी’ म्हणून सांगितलं जातं. ते नसेल, आणि शिक्षण शुल्काच्या रकान्यात रक्कम असेल, तर चूक कॉलेजची. पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी ती रक्कम घेऊ नका असं शासनाने कॉलेजांना बजावलेलं आहे. तरीही काही ठिकाणी "शासनाचे पैसे आले की परत देऊ" म्हणून घेतात. त्यांची बाजूही सांगतो: शासनाकडून पैसे यायला कधी कधी पुढचं वर्ष उजाडतं, तोवर प्राध्यापकांचे पगार थांबत नाहीत. पण ती अडचण पालकाच्या खिशातून सोडवायची नसते. लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, उत्तर नाही आलं तर तंत्रशिक्षणच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात जा. वाशीमवाल्यांचं अमरावतीला आहे. पण लक्षात ठेवा, तक्रार कॉलेज ज्या विभागात आहे तिथल्या कार्यालयात करायची असते.

---

कात्रजकर

आमची मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे, ओबीसीच. टेबल चारवाल्या दादांनी लिहिलंय ते बरोबर. मी खर्चाचं सांगतो, कारण आम्हाला फीनं नाही, बाकीच्यानं घाम फोडला.

पुण्यात कॉलेजच्या हॉस्टेलला जागा नाही मिळाली. बाहेर तीन मुलींत एक खोली, माणशी साडेपाच हजार, वर डिपॉझिट. डबा दोन वेळचा साडेतीन हजार, आणि रविवारी संध्याकाळी डबा नसतो तो वेगळा. वर्षाचा लाखाच्या वर हिशेब जातो. फी माफ असूनही. म्हणून ‘पुणे की अमरावती’ ठरवताना फीची नाही, खोली-डब्याची तुलना करा.

---

पांढरी_माती

ताई, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे ना! हॉस्टेल न मिळालेल्यांना वर्षाला ६०,००० मिळतात पुण्यात. भरून टाका.

---

टेबल_क्रमांक_चार

पांढरी माती, योजना बरोबर, पण या ताईंना लागू नाही. ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेची उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे, यांचा दाखला ३,६०,००० चा. शिवाय जिल्ह्यागणिक जागा मोजक्या आणि त्या गुणवत्तेवर भरतात. ज्यांचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे त्यांनी जरूर भरा. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची मुलींची वसतिगृहं सुरू झाली आहेत, तिथेही चौकशी करून ठेवा. पात्रता तिथल्या जाहिरातीत वाचा, ऐकीव नको.

इथे आणखी एक घोळ नेहमी होतो तो सांगतो. नॉन क्रीमीलेअर काढताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. त्यामुळे दोघं नवराबायको शिक्षक असूनही नॉन क्रीमीलेअर निघतं, आणि मग ते कॉलेजात येऊन भांडतात की आमच्याकडे सर्टिफिकेट आहे, फी का मागता. फी माफीला चालतो तो तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आणि त्यात पगार, शेती, शिलाई सगळं येतं. ताई, तुमचा दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा आहे तेवढं बघून घ्या. मागच्या वर्षी काढलेला जुना लावला की अर्ज परत येतो.

---

बॅकलॉग_शून्य

काकू, मी स्वतः विद्यार्थिनी आहे, सेकंड इयर, ईएनटीसी. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी वेव्हर स्कीम.

एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) स्कीम आहे, प्रत्येक ब्रँचला मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कोणत्याही जातीचा विद्यार्थी बसतो. ट्यूशन फी पूर्ण माफ, चारही वर्षं, आणि ती कॉलेजच सोडतं. म्हणजे दरवर्षी महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) त्या फीसाठी अर्ज करत बसावं लागत नाही, शासनाचे पैसे आले का नाही याची वाट बघावी लागत नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये या जागांचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असतो. तो वेगळा ऑप्शन म्हणून भरावा लागतो, साधा कोड भरला तर आपोआप मिळत नाही!! माझ्या वर्गातल्या दोघींना हे माहीतच नव्हतं.

पण कटऑफ साध्या जागेपेक्षा वर जातो. आणि एकदा घेतला की ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही. मुलींना तसंही माफ आहे म्हणून यादीत टी कोडसाठी आवडतं कॉलेज खाली ढकलू नका. आवडीच्या कॉलेजचा टी कोड आणि लगेच त्याखाली त्याच ब्रँचचा साधा कोड, असं भरा.

---

जिरेसाळ

बाळा, थँक्यू. हे तर सेतूवाल्यालाही माहीत नव्हतं. आज तिला घेऊन बसते आणि यादी पुन्हा लावते.

अजून एक. प्रगती शिष्यवृत्तीचं ऐकलंय, वर्षाला पन्नास हजार. ती फी माफीबरोबर चालते का? चालली तर हॉस्टेलचा अर्धा प्रश्न सुटेल.

---

कात्रजकर

आम्ही हाच विचार केला होता. प्रगती एआयसीटीईची आहे, मुलींसाठीच, पहिल्या वर्षाला किंवा डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांना भरता येते. उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, वर्षाला ५०,०००. अर्ज महाडीबीटीवर नाही, केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. पण त्याच काळात दुसरी शिष्यवृत्ती घेत नसावी अशी अट आहे. दोन्ही भरून एक पकडली गेली तर वसुली निघते, त्या भानगडीत पडू नका.

---

टेबल_क्रमांक_चार

कात्रजकर बरोबर बोलले, पण यात गणित आहे ते करा. विनाअनुदानित कॉलेजात शिक्षण शुल्कच लाखाच्या वर, तिथे फी माफीच घ्यायची, प्रश्नच नाही. शासकीय कॉलेजात मात्र शिक्षण शुल्क बरंच कमी असतं. तिथे माफ होणारी रक्कम ५०,००० पेक्षा कमी भरत असेल तर प्रगती फायद्याची, कारण ते पैसे मुलीच्या खात्यात येतात आणि हॉस्टेलला वापरता येतात. शासकीयला नंबर लागला तर आधी तिथली फीची फोड मागा, मग ठरवा. प्रगतीच्या जागा मोजक्या आणि त्या गुणवत्तेवर भरतात, म्हणून तिच्या भरवशावर फी माफीचा अर्ज सोडून बसायचं की नाही, हे बारावीचे गुण बघून ठरवा. तिचे बारावीला किती?

---

जिरेसाळ

बारावीला ८४ टक्के.

---

टेबल_क्रमांक_चार

चांगले आहेत. प्रगतीची अंतिम तारीख साधारण दिवाळीच्या मागेपुढे असते, तोवर कॉलेज नक्की झालेलं असेल. तेव्हा बघू.

आत्ता करायचं काम वेगळंच आहे आणि ते कोणी करत नाही. मुलीचं बँक खातं. "आधार लिंक आहे" असं बँकवाला सांगतो, त्यावर समाधान मानू नका. केवायसीला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे ज्या खात्यात पडावेत म्हणून एनपीसीआयकडे आधार जोडणं वेगळं. आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा, तिथे त्याच बँकेचं नाव आणि ‘ॲक्टिव्ह’ दिसलं पाहिजे. एका मुलीचं शाळेत असताना उघडलेलं जुनं खातं तिथे जोडलेलं होतं, ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. अर्ज मंजूर, पैसे सुटले, आणि पोहोचले कुठेच नाहीत. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव हेही एकदा जुळवून बघा, काना-मात्रेचा फरक असला तरी दुरुस्त करून घ्या.

आधारशी जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे? वडिलांचा असेल तर ओटीपीसाठी प्रत्येक वेळी वाशीमला फोन. मुलीचाच नंबर जोडा.

---

जिरेसाळ

नंबर माझ्या दिराचा निघाला, ते सुरतेला असतात. 🙏 उद्याच आधार केंद्रात नेते तिला.

मेसच्या खर्चासाठी बँकेचं कर्ज घ्यावं का? हे नको म्हणतात.

---

कात्रजकर

नाइलाज असेल तर घ्या, घाबरू नका. शैक्षणिक कर्जात हॉस्टेल-मेसचा खर्च धरतात, आणि चार लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, आईवडील सहकर्जदार लागतात. परतफेड शिक्षण संपून वर्षभरानं सुरू होते. तुमचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे, त्यामुळे शिक्षणाच्या काळातल्या व्याजाला केंद्राचं अनुदान मिळू शकतं. मात्र कॉलेज नॅक किंवा एनबीए मानांकित आहे का आणि फी माफी घेतली तर ते अनुदान चालतं का, या दोन गोष्टी शाखेत लेखी विचारून घ्या. आम्ही कर्ज नाही घेतलं, पतपेढीतून थोडं उचललं, त्याचं व्याज जास्त पडलं. कारण बँकेत तीनदा ‘मॅनेजर साहेब मीटिंगला गेलेत’.

---

बॅकलॉग_शून्य

काकू, शेवटचं, महाडीबीटीचा अर्ज भरला म्हणजे झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाच्या. मध्ये कुठे ‘सेंट बॅक’ झाला तर तुम्हालाच लॉगिन करून बघावं लागतं, मेसेज येईलच असं नाही. आणि पुढच्या वर्षी रिन्यूअल परत भरायचं, पहिल्या वर्षाचा निकाल जोडून. माझा मागच्या वर्षी रेशनकार्डाचा फोटो अंधुक म्हणून परत आला होता, जानेवारीत कळलं.

---

टेबल_क्रमांक_चार

फोटो काढू नका, स्कॅन करा. पीडीएफचा आकार पोर्टल सांगेल तेवढाच ठेवा आणि सगळ्या मूळ कागदांचा एक संच मुलीबरोबर, एक घरी. अलॉटमेंट लेटर आलं की इथे कॉलेजची फीची फोड टाका ताई, कॉलेजचं नाव झाकून. कोणतं शुल्क माफीत बसतं ते सांगतो.

---

जिरेसाळ

नक्की टाकते दादा. त्या विद्यापीठाच्या बाईचा आज पुन्हा फोन आला, आता साठ टक्के देतो म्हणाली. नाही सांगितलं.