मदत हवी आहे: फायब्रोनेक्टिनच्या पट्ट्यांबाहेर पेशी पसरतात

सी२सी१२ (उंदराच्या स्नायूपूर्व) पेशी एका रेषेत वाढवून पुढे स्नायूतंतू करायचे आहेत. पीडीएमएसचा (सिलिकॉन रबराचा) शिक्का, रबर आणि घट्ट करणारं द्रव्य १०:१, ७० अंशांवर ४ तास. पट्टे २० मायक्रॉन, मधलं अंतर ८०, खाचेची खोली ३. फायब्रोनेक्टिन (पेशी ज्याला चिकटतात ते प्रथिन) ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, शिक्क्यावर १ तास. कव्हरस्लिप (पातळ काच) १ मिनिट ऑक्सिजन प्लाझ्मात, मग ५ मिनिटं छाप. त्यानंतर मोकळ्या जागी पेशी चिकटू नयेत म्हणून ०.२ टक्के प्ल्युरॉनिक एफ-१२७ (एक पॉलिमर) तासभर, पीबीएसने (क्षारांच्या बफरने) तीनदा धुणं. पहिल्या दिवशी पट्टे दिसतात, तिसऱ्या दिवशी सगळी काच भरते. प्ल्युरॉनिक १ टक्का केलं तरी तेच. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
टक्केवारी कितीही वाढवा, उपयोग नाही. प्ल्युरॉनिकचा मधला भाग पाणी टाळणारा असतो आणि तशाच पृष्ठभागाला धरून बसतो. प्लाझ्मातून काढलेल्या काचेवर पाण्याचा थेंब टाकून बघा, लगेच सपाट पसरेल. अशा काचेवर प्ल्युरॉनिक नीट बसत नाही, धुताना निघून जातं. मग मीडियातल्या (पेशींच्या पोषक द्रावातल्या) सीरमचं व्हिट्रोनेक्टिन, हेही पेशी धरणारं प्रथिन, मोकळ्या जागी चिकटतं आणि पेशींना आयती वाट मिळते. काचच ठेवायची असेल तर पीएलएल-जी-पीईजी (पॉलिलायसिनच्या कण्याला प्रथिनं दूर ठेवणाऱ्या पीईजीच्या साखळ्या जोडलेला पॉलिमर) वापरा: ०.१ मिग्रॅ प्रति मिली, १० मिलिमोलर हेपेस बफरमध्ये, पीएच ७.४, पाऊण तास. त्याचा धनभारित कणा काचेच्या ऋणभाराला घट्ट धरतो. मधे काच सुकू देऊ नका.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, पण मला शिक्क्याचीही शंका आहे. ८० मायक्रॉनच्या अंतराला ३ मायक्रॉन खोली फारच कमी. खाचेचं छत खाली वाकून काचेला टेकतं आणि नको तिथेही प्रथिन छापतं. फ्लुरोसंट लेबल लावलेलं थोडं फायब्रोनेक्टिन मिसळून छापा आणि पेशी घालण्याआधीच सूक्ष्मदर्शकाखाली बघा. छत टेकलं असेल तर दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे फिकट उजेड दिसतो आणि त्याच्या दोन्ही कडांना, पट्ट्यांना लागून, काळी रेघ राहते.

प्रश्नकर्ता
बघितलं. अगदी तसाच फिकट पट्टा आहे, कडेला काळ्या रेघा.

प्रतिसाद २
मग आधी शिक्का ज्यात ओततात तो साचा बदला, त्यातल्या एसयू-८ ची (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या थराची) जाडी निदान १० मायक्रॉन घ्या. शिक्का बोटाने दाबू नका, स्वतःच्या वजनाने टेकू द्या. छापण्याआधी नायट्रोजनने पूर्ण कोरडा करा, कारण कोपऱ्यात राहिलेला थेंब खाचेत ओढला जातो आणि पट्टे फुगतात.

प्रतिसाद १
पेशी दर चौरस सेंमीला १०,००० पेक्षा जास्त नको. तासाभराने न चिकटलेल्या धुऊन काढा. पट्टे भरले की लगेच २ टक्के हॉर्स सीरमवर न्या, म्हणजे वाढ थांबून स्नायूतंतू बनू लागतील. जास्त दिवस वाढू दिल्या तर कितीही चांगला पीईजी थर असला तरी गर्दी झाल्यावर पेशी एकमेकींवरून पूल बांधतात.