लो-कार्ब आहारानंतर कीड थांबली, पण दातांवर कीटण चढलं. काय करावं? (इंदूर)

रामबागची_लेक

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, वय 47, शुगर आहे. सात महिन्यांपूर्वी डॉक्टरांना विचारून आणि गोळ्यांचं प्रमाण त्यांच्याकडूनच ठरवून घेऊन लो-कार्ब सुरू केलं. सकाळचे पोहे-जलेबी बंद, पोळ्या चारावरून एकीवर, भात सणावारी. त्याऐवजी अंडी, पनीर, दही, पालेभाज्या, मूठभर बदाम-शेंगदाणे. साखर आटोक्यात आली, वजन सहा किलो उतरलं. आता हे मला सोडायचं नाही.

अडचण दातांची आहे. आधी दर वर्षी एखादी दाढ तरी भरावी लागायची. या वेळी तपासलं तर नवीन कीड कुठेच नाही. पण खालच्या पटाशीच्या दातांना आतून पिवळट कीटण धरलंय. जीभ फिरवली की खरखरीत लागतं, नळाच्या तोटीवर क्षार जमतो ना, अगदी तसं. ब्रश केल्यावर थुंकताना फेस गुलाबी दिसतो. जिथे दाखवलं तिथे फार गर्दी होती, "क्लीनिंग करून घ्या" एवढंच सांगितलं.

सासूबाईंचं म्हणणं, पोळी चावून खाल्ली की दात आपोआप घासले जातात, तू पोळी सोडलीस म्हणून हे झालं. शेजारच्या काकू बोअरिंगच्या पाण्याला दोष देतात. नर्मदेचं पाणी आमच्याकडे रोज येत नाही, त्यामुळे बोअरिंगचं वापरावंच लागतं आणि त्याने बादल्या पांढऱ्या होतात हे खरं आहे. यातलं नेमकं कारण कोणतं? स्केलिंग, म्हणजे यंत्राने कीटण काढणं, करावं का? आणि पुन्हा चढू नये म्हणून काय करावं?

सराफा_रात्री_दहा

ताई, डाएट सोडू नका. मीही वर्षभर करतोय. मला कीटणाचा नाही, वासाचा त्रास झाला. पहिले दोन-तीन आठवडे तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास यायचा आणि तोंड सारखं कोरडं पडायचं. पाणी वाढवलं तेव्हा कमी झालं.

दाढदुखी_नको

ताई, मी दंतवैद्य आहे, इंदुरातच प्रॅक्टिस करते. जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखे पेशंट आता आठवड्याला एक-दोन तरी येतात.

कीड आणि कीटण, दोन्हींची सुरुवात एकाच गोष्टीपासून होते: दातांवर रोज जमणारा चिकट, पातळ थर, म्हणजे प्लाक. पुढे दोघांची वाट वेगळी होते. थरातल्या जंतूंना साखर किंवा पिठूळ अन्न मिळालं की ते आम्ल तयार करतात. पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. ती कीड. तुम्ही जंतूंचं हे खाणं तोडलंत, म्हणून दाढा वाचल्या. हा फायदा खरा आहे, तो कमी लेखू नका.

पण थर जमायला साखर लागतेच असं नाही. लाळेतली प्रथिनं दाताला चिकटतात, त्यांच्यावर जंतू येऊन बसतात. तुम्ही काहीही खा, हे होतंच. तो थर तिथेच राहिला तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरतं. एक-दोन दिवसांत तो घट्ट व्हायला लागतो आणि दहा-बारा दिवसांत दगड होतो. दगड झाल्यावर ब्रशने तो निघत नाही. शिवाय तोंडात आम्ल कमी असलं की ही खनिजं विरघळलेली न राहता सहज बसतात. त्यामुळे ज्यांच्या दातांना कीड कमी, त्यांच्यात कीटण जास्त, असं आम्हाला पुष्कळदा दिसतं.

आतल्या बाजूलाच का, तर जिभेखालच्या लाळग्रंथींच्या नळ्या नेमक्या खालच्या पटाशीच्या दातांमागे उघडतात. ताजी, खनिजांनी भरलेली लाळ आधी तिथेच पोचते. दुसरी अशी जागा म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू. आरशात गाल ओढून तिथेही बघा, बहुधा थोडं सापडेल.

सासूबाईंना सांगा, पोळी चावल्याने दातांचा वरचा भाग थोडाफार घासला जातो, हिरडीच्या कडेपर्यंत काही पोचत नाही. उलट पोळीतल्या पिठाची लाळेनेच साखर होते. आणि पाण्याचं म्हणाल तर बादलीतलं पाणी सुकून क्षार मागे राहतात, तोंडात पाणी सुकायला थांबत नाही. कीटणातलं कॅल्शियम मुख्यतः आपल्या स्वतःच्या लाळेतून येतं. नर्मदेचं पाणी पिणाऱ्यांनाही कीटण चढतं.

स्केलिंग मात्र लांबवू नका. हिरड्यांतून रक्त येतंय आणि तुम्हाला शुगर आहे. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजल्या की शुगर आवरणं कठीण जातं, ही जोडी दोन्हीकडून त्रास देते. जाताना शुगरचा ताजा रिपोर्ट आणि गोळ्यांची चिठ्ठी न्या. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

आता एक विचारते, खरं सांगा. रात्री झोपताना ब्रश करता का?

मल्हारगंज_मुलगा

डॉक्टर ताई, स्केलिंगने दात हलतात आणि फटी पडतात असं घरी सगळे म्हणतात. आईला हिरड्यांतून रक्त येतं, पण ती याच भीतीने जात नाही.

दाढदुखी_नको

आईंना म्हणावं, फट आधीपासून असते, कीटणाने ती बुजवलेली असते. वर्षानुवर्षं हिरडी खाली सरकते, मोकळ्या जागेत कीटण भरतं, आणि ते काढलं की जागा उघडी दिसते. दात हलण्याचंही तसंच. आतलं हाड झिजलेलं असलं तर कीटणाच्या पट्ट्याने चार दात एकमेकांना जखडलेले असतात, पट्टा निघाला की खरी स्थिती कळते. जितका उशीर तितकं हाड आणखी जातं. यंत्राची टोकं थरथरून कीटण फोडतात, दात तासत नाहीत. थंड पाणी काही दिवस झोंबेल, मग थांबतं. नेटवर मिळणाऱ्या टोकदार हुकांनी घरी खरवडू मात्र देऊ नका. दाताला चरे पडतात, हिरडी फाटते, आणि आतलं कीटण जागच्या जागी राहतं.

वाचनवेडा_सुदामानगर

दोन प्रयोग सांगतो, या प्रश्नाला अगदी जवळचे आहेत.

स्वित्झर्लंडमध्ये दहा जण चार आठवडे अश्मयुगातल्यासारखे राहिले. त्याचा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. ब्रश नाही, पेस्ट नाही, कारखान्यातली साखर नाही. जव-गहू मात्र होते, म्हणजे ते काही लो-कार्ब नव्हतं. चार आठवड्यांनी दातांवरचा थर वाढलेला होता, पण तपासताना रक्त येणाऱ्या जागा सुमारे 35 टक्क्यांवरून 13 टक्क्यांच्या आसपास आल्या.

दुसरा जर्मनीतल्या फ्रायबुर्गचा, 2016 चा, फक्त 15 जणांवर. त्यातल्या दहा जणांनी चार आठवडे कार्ब कमी केले, ओमेगा-3, क जीवनसत्त्व आणि तंतू वाढवले. त्यांच्या हिरड्यांची सूज जवळपास निम्म्यावर आली, थर मात्र होता तेवढाच राहिला.

दोन्ही प्रयोग लहान आहेत, पण मला त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. खाण्यातला बदल हिरड्यांना शांत करतो, थर काही उचलत नाही. तो हातानेच काढावा लागतो.

जिम_आणि_जिरावण

माझा अनुभव वेगळा आहे, पण कुणाच्या तरी कामी येईल. लो-कार्ब करताना रोज सकाळी अॅपल सायडर व्हिनेगर आणि दुपारी दोनदा लिंबूपाणी, असं आठ महिने केलं. कीटण नव्हतंच, दात पांढरे दिसायचे, मी खूश होतो. मग एक दिवस वरच्या पुढच्या दातांच्या कडा काचेसारख्या आरपार दिसायला लागल्या. आइसक्रीम सोडा, साधं पाणी प्यायलो तरी दात आंबायचे. कवच पातळ झालं आहे आणि ते परत येणार नाही, असं तपासून सांगितलं. कीटण विरघळावं म्हणून कुणी तोंडात लिंबू किंवा व्हिनेगर धरत असाल तर आजच थांबा.

दाढदुखी_नको

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आंबट काही घेतलंच तर एका दमात संपवा, घोट घोट तासभर पिऊ नका. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. तेवढ्या वेळात कवच मऊ झालेलं असतं.

आणि क्लोरहेक्सिडिनचं (जंतुनाशक) माउथवॉश मनाने महिनोन्‌महिने वापरू नका. सांगितलं असेल तेवढेच दिवस, बहुधा दोन आठवडे. जास्त वापरलं की दात तपकिरी होतात आणि कीटण उलट वाढतं.

रामबागची_लेक

पंधरा दिवसांनी लिहितेय, माफ करा. तुमच्या त्या एका प्रश्नाने मी विचारात पडले होते, डॉक्टर ताई.

नाही, रात्री ब्रश करत नव्हते. पूर्वी करायचे. लो-कार्ब सुरू केल्यावर वाटायला लागलं की गोड खाल्लं नाही, पोळी-भात नाही, मग दाताला लागणार काय? दहाला चार बदाम, पनीरचा एखादा तुकडा, आणि सरळ झोप. सात महिने हेच चाललं. डाएटवर विश्वास ठेवून ब्रश सोडला, आणि मग डाएटलाच दोष द्यायला निघाले होते.

एमवाय हॉस्पिटलजवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात जाऊन स्केलिंग करून घेतलं. दोन बैठका लागल्या. शिकाऊ मुलगी होती, फार निगुतीने केलं तिने. आधी छोटा आरसा तोंडात धरून मला मोठ्या आरशात दाखवलं: खालच्या चार दातांमागे सलग एक पिवळा कठडा होता, मधली फट कुठेच दिसत नव्हती. मग यंत्र, पाण्याचा फवारा, कानात घुसणारा आवाज. एक तुकडा तुटून जिभेवर पडला. बोटावर घेतला, तर तांदळाच्या कणीएवढा, पण खडा. वरच्या दाढांना गालाकडून पण होतंच, तुम्ही म्हणाला होतात तसं.

पहिले चार दिवस पाणी झोंबलं. जीभ सारखी त्या नव्या फटींत जायची, दात दुसऱ्याच कुणाचे वाटायचे. आता सवय झाली. फेस पांढरा आहे, आज सलग सहावा दिवस.

रात्रीचा ब्रश आता झोपताना, त्यानंतर फक्त पाणी. सुरुवात खालच्या दातांच्या आतून करते, ब्रश उभा धरून, हिरडीच्या कडेला टेकवून. आधी पुढून घासत घासत तिथवर पोचेपर्यंत कंटाळा यायचा. सासूबाईंना पण दाखवलं, त्यांच्या कवळीशेजारच्या दोन दातांना भरपूर आहे. सोमवारी त्यांना घेऊन जातेय.

एक राहिलंच. तिथे फटींसाठी बारीक ब्रश वापरायला सांगितलाय. दुकानात तीन-चार मापं दिसली, कोणतं घ्यावं? आणि कीटणाची म्हणून मिळते ती पेस्ट घ्यावी का?

दाढदुखी_नको

सगळ्यात लहानापासून सुरू करा. जोर न लावता फटीत जाईल आणि केस दोन्ही बाजूंना हलके टेकतील, ते तुमचं माप. पुढच्या दातांना एक आणि दाढांना दुसरं लागू शकतं. जिथे जात नाही तिथे घुसवू नका, तिथे फ्लॉस (फटी साफ करायचा दोरा) वापरा. पहिला आठवडा थोडं रक्त आलं तर घाबरू नका. पायरोफॉस्फेट किंवा झिंक सायट्रेट असलेली पेस्ट नवं कीटण बसण्याचा वेग कमी करते, जुनं काढत नाही. घेतलीत तर त्यात फ्लोराइड आहे ना, एवढं बघा.

आणि सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर न चुकता देऊन आणा, दात दाखवायचे म्हणून उपाशी ठेवू नका. कवळी बरोबर न्या.