सोलापूरचे 'मूळचे' कोण?

साखरपेठकर: 'सोलापूर वसवले मराठी माणसांनी, तेलुगू मंडळी गिरण्यांच्या मागे आली,' हे भीमाकाठ यांचे कालचे विधान वाचून गप्प राहवेना. जुनी गिरणी, म्हणजे येथली पहिली कापडगिरणी, 1877 ची. आमच्या पणजोबांचा खड्ड्याचा हातमाग त्याआधीपासून पेठेत चालत होता. आजी सुताच्या कांड्या भरताना आमच्याशी तेलुगूत बोले आणि दारावरच्या भाजीवालीशी मराठीत. शाळेच्या अर्जात मातृभाषा तेलुगू लिहिली, तेव्हा गुरुजींनी सगळ्या वर्गादेखत 'तुमचे गाव कोणते रे?' असे विचारले. ते अजून सलते.

बाळीवेसकर: आपले दुःख कळते, पण प्रश्न गाव वसवणाऱ्यांचा आहे. बाराव्या शतकात संत सिद्धरामेश्वरांनी येथे तळे खोदवले, अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि वचने, म्हणजे भक्तिपर रचना, केल्या त्या कन्नडमध्ये. तेव्हा गावाचे नाव सोन्नलगे होते. 'सोळा गावांचे सोलापूर' ही व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली आहे.

भीमाकाठ: संतांच्या वचनांची भाषा तीच तळ्याची माती उपसणाऱ्यांची भाषा, हे कशावरून? सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या मंदिरात शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018 चा मराठी शिलालेख आहे. तो सिद्धरामेश्वरांच्याही आधीचा. आणि सोळा गावे जुळवलेली कशी? आदिलपूर, फत्तेपूर, सोनापूर, संदलपूर ही नावे आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकली आहेत.

बाळीवेसकर: आजोबांनी सांगितले म्हणून ती व्युत्पत्ती होत नाही! सोन्नलगेमध्ये 'सोळा' कोठे आहे, ते दाखवा. शिवाय कुडल भीमा-सीनेच्या संगमावर आहे, सोलापुरात नव्हे.

भीमाकाठ: एवढे चिडण्याचे कारण नाही. नावापुरते सोन्नलगे मान्य करतो. गाव वसवणारे सगळे कानडी होते, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

साखरपेठकर: तुमचा वाद नावावरच अडला आणि माझे म्हणणे बाजूला राहिले. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे हे चौघे स्वातंत्र्यलढ्यात सोलापूरकर म्हणून येरवडा तुरुंगात फासावर गेले. त्यांच्यातला मूळचा कोण, हे आपण दोघांपैकी कोणी सांगाल काय?

भीमाकाठ: त्या चौघांना या वादात आणू नका. 'तेलुगू मंडळी' या शब्दांआधी 'काही' लिहायला हवे होते, तेवढी दुरुस्ती करतो. बाकीचे मत कायम आहे.